कुशाबा घाडीचं पथ्य

"आणखी मोठा आ," डॉ. धैर्यवान म्हणाले.

कुशाबा घाडीने आणखी मोठा आ केला. त्याचा आ मुळातच मोठा होता. काळाचौकीच्या प्रभातफेरीत पहिली घोषणा तो देई आणि ती शिवडीच्या नाक्यावर ऐकू येते, असं लोक सांगत. डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबली, टॉर्चचा उजेड आत टाकला आणि बराच वेळ पाहिलं.

"आवाज बसून किती दिवस झाले?"

"आठ," कुशाबा म्हणाला. म्हणजे तसं म्हणाला असावा. ऐकू आलं ते नळाला पाणी यायच्या आधी येतं तसलं काहीतरी.

सत्तावन्न सालचा जानेवारी संपत आला होता. निवडणूक महिन्या-दीड महिन्यावर होती. संयुक्त महाराष्ट्र समितीची फेरी रोज सकाळी सहाला निघे, आठला संपे, आणि दुपारी कुशाबा दुसऱ्या पाळीला गिरणीत हजर होई. गेली सोळा वर्षं तो साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, दोन माग चालवत होता. सोळा वर्षांत त्याचं नाव कुठल्याही कारणाने कुठेही आलं नव्हतं. फेऱ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात त्याला काळाचौकी ओळखू लागली.

डॉ. श्यामकांत धैर्यवान राहायला ठाकुरद्वारला. घराण्यात तीन पिढ्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होत्या, आणि त्या घरात आवाज चढवून बोलायची पद्धत नव्हती. त्यामुळे डॉक्टरही तोंडातल्या तोंडात बोलत. काळाचौकीत वीस वर्षं प्रॅक्टिस करूनही ती सवय गेली नाही. डॉक्टर प्रश्न विचारत, पेशंट "काय?" म्हणे, आणि मग औषधाच्या खिडकीतून कंपाउंडर बुधाजी तोच प्रश्न ओरडून विचारी: "डॉक्टर विचारतायत, परसाकडे कितींदा झालं!" उत्तर बाकावरच्या सगळ्यांना कळे. कोणाला जंत आहेत आणि कोणाला मूळव्याध, हे या वस्तीत गुपित राहत नसे ते बुधाजीमुळे.

कुशाबाच्या बाबतीत बुधाजीला काम नव्हतं. कुशाबा डॉक्टरांच्या तोंडाकडे पापणी न लववता बघे आणि अचूक उत्तर देई. इतक्या आदराने ऐकणारा दुसरा पेशंट आपल्याकडे नाही, असं डॉक्टरांनी घरी पत्नीलाही सांगितलं होतं. कुशाबाच्या केसपेपरवर त्यांनी घसा, नाक, कान अशी क्रमाने नोंद केली. घसा : सूज, लाली. नाक : ठीक. कान : उत्तम.

"ऐक," डॉक्टर म्हणाले. "मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चारदा. विडी बंद. तिखट कमी. एक दिवसाआड इथे येऊन घशाला औषध लावून घ्यायचं. आणि दहा दिवस मौन."

कुशाबाने दोन बोटं ओठांजवळ नेऊन हात हलवला. म्हणजे, हळू बोललं तर चालेल का.

"नाही. कुजबुजायचंही नाही. कुजबुजीने घशावर ओरडण्याइतकाच ताण पडतो. एक अक्षर नाही."

दाराशी जयवंत सकपाळ उभा होता. हा म्युनिसिपालिटीत कारकून आणि वॉर्डातल्या समितीचा चिटणीस. तो आत आला.

"काय डॉक्टर, दहा दिवस म्हणजे? एखादं इंजेक्शन मारा ना सणसणीत. आमची तोफ आहे ही!"

"मग दारूगोळा जपून वापरायचा होतात."

"इलेक्शन आहे हो! पब्लिकला जागं कोण करणार?"

"अलार्मचं घड्याळ," डॉक्टर म्हणाले.

"काय?" जयवंत म्हणाला.

"डॉक्टर म्हणतायत, अलार्मचं घड्याळ लावा!" बुधाजी खिडकीतून ओरडला.

घशाला लावायचं औषध तपकिरी, चिकट आणि गोडसर होतं. बुधाजी ते काडीला कापूस गुंडाळून लावी. कुशाबा मुकाट्याने आ करी, मुकाट्याने जाई. तीन वेळा औषध लावून झालं आणि आठव्या दिवशी सकाळी त्याची बायको शेवंती दवाखान्यात आली. ती आपल्या खोलीत गिरणीतल्या बारा माणसांची खानावळ चालवी. तिच्या हाताला अजून पीठ होतं.

"डाक्टर, तुमी ह्येंका तोंड बंद करूक सांगलास," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "ह्येनी कान पण बंद केले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मी चुलीकडसून इचारतंय, आमटी घालू? हूं नाय की चूं नाय. मागसून हाक मारतंय, वळणत नाय. काल सात हाका मारलंय. मोजलंय मी. आधी माका वाटला, रागावले. मगे वाटला, साधू झाले."

"यापूर्वी असं कधी झालं होतं?"

शेवंतीने विचार केला. "आधी तेच बोलत असायचे. सकाळपासून झोपेपर्यंत. माका इचारूक कधी टायमच गावलो नाय."

बाकावरची माणसं हसली. शेवंती हसली नाही.

"आमचे खानावळीतले म्हणतत, ह्या तुमच्या औषधान झाला. घशात लावलास, ता आतल्या आत कानात उतारला."

या ठिकाणी दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरने "छे, असं काही नसतं" म्हणून विषय संपवला असता. डॉ. धैर्यवानांना अर्धवट बोलणं जमत नसे.

"घसा आणि कान आतून एका नळीने जोडलेले असतात, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण औषध त्या नळीतून..."

पुढचं वाक्य कोणी ऐकलं नाही. बुधाजीने सवयीने पहिलं वाक्य मोठ्याने सांगितलं होतं. दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत काळाचौकीत बातमी पोचली की डॉक्टरांनी स्वतः कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात घसा दुखणारं माणूस येईना. फेब्रुवारीची सुरुवात, हवेत गारठा, घराघरात खोकला. आणि डॉक्टरांकडे फक्त पोटदुखी. एक बाई मानेला मफलर गुंडाळून, घोगऱ्या आवाजात पोट दुखतं म्हणाली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "घसा बघू का?" असं त्यांनी विचारल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पोटाची गुलाबी बाटली घेऊन गेली. बुधाजीचं गुलाबी औषध तीन दिवसांत संपलं. खोकल्याच्या लाल औषधाची बरणी भरलेली राहिली.

"डॉक्टर, मी तरी सांगतो लोकांना की तो आधीपासून बहिरा होता," बुधाजी म्हणाला.

"होता का?"

"मला काय ठाऊक?"

"मग सांगू नकोस."

डॉक्टरांनी कुशाबाला बोलावून कानांत पाहिलं. दोन्हीकडे मळ घट्ट बसला होता. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी शीळ घालायचीच बाकी ठेवली. मळ हा डॉक्टरांच्या आवडीचा आजार होता: कारण दिसतं, उपाय लगेच होतो, आणि पेशंट जाताना उड्या मारत जातो. तीन दिवस थेंब घालायला आणि तोवर मौनही पाळायला सांगून चौथ्या दिवशी त्यांनी पितळी पिचकारी आणि कोमट पाणी काढलं. त्या सकाळी दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. शेवंती होती, जयवंत होता, पाळी सुरू व्हायला अवकाश होता म्हणून साळखात्यातले चौघे जण होते. बुधाजीने कानाखाली तसराळं धरलं. दोन्ही कानांतून तुरीच्या दाण्याएवढे दोन खडे पडले. बुधाजी ते तसराळं बाकावरून फिरवून सगळ्यांना दाखवून आला.

"सुटला!" जयवंत म्हणाला. "डॉक्टर, मानलं तुम्हाला."

डॉक्टर हात धुवायला भिंतीकडच्या बेसिनशी वळले. पाठमोरेच त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय आता?"

उत्तर आलं नाही. डॉक्टर वळले आणि त्याच आवाजात त्यांनी तेच विचारलं. कुशाबाने हसून मान डोलावली.

डॉक्टर पुन्हा बेसिनकडे वळले. साबण लावत, शांतपणे म्हणाले, "कुशाबा, तुझ्या सदऱ्याला आग लागलीय."

बुधाजीने कान धुतलेल्या पाण्याचं तसराळं कुशाबाच्या अंगावर रिकामं केलं. शेवंती किंचाळली. कुशाबा भिजलेल्या सदऱ्यानिशी, अजून तसाच हसत, एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी हात पुसले. मग समोर बसून त्यांनी केसपेपर उचलला आणि आपल्या तोंडापुढे धरला.

"दुधी," ते कागदाआडून म्हणाले. "दोडका. पडवळ."

कुशाबा कागदाकडे बघत होता. डॉक्टरांनी कागद खाली घेतला.

"आता मी काय म्हणालो?"

कुशाबाने बोटाने दाखवलं की कागद होता.

"तू बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ऐकतोस?"

कुशाबाने परवानगीसाठी घशाकडे बोट नेलं. डॉक्टरांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी त्याने पहिलं वाक्य उच्चारलं. आवाज खरखरीत होता, पण होता.

"मगे? तुमी खंय बघून ऐकतास?"

साळखात्यात चारपाचशे माग एकदम चालतात. तिथे आठ तास कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही. नवा माणूस महिन्याभरात ओठ वाचायला शिकतो, बोटांच्या खुणा शिकतो, आणि पुढे ते आपण शिकलो होतो हेही विसरतो. डॉक्टर वीस वर्षं या माणसांची नाडी बघत होते, पण साळखात्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

ते उठून बाकाशी गेले. साळखात्यातल्या माणसांना त्यांनी एका ओळीत बसवलं, आणि तोंडापुढे कागद धरून पुन्हा भाजीची नावं घेतली. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसरा म्हणाला, "डाक्टर, कागद काढा ना, काय बोलतायसा समजत न्हाय." चौथा गप्प. कोपऱ्यात एक म्हातारा औषधाची बाटली घेऊन बसला होता. तो फोल्डिंगखात्यातला, जिथे नुसत्या घड्या घालतात. तो म्हणाला, "भोपळ्याची भाजी डॉक्टरांना लय आवडते वाटतं."

कोणीतरी हसलं. मग ओळीतल्या चौघांना आपल्याबद्दल काय ठरलं ते हळूहळू कळलं आणि हसणं थांबलं.

"कुशाबा," डॉक्टर त्याच्यासमोर येऊन बसले, "शेवटची चिमणी कधी ऐकलीस?"

"मुंबैतले चिमणे आता वरडणत नाय," कुशाबा म्हणाला. "मी इलंय तेव्हा वरडायचे."

खिडकीच्या गजावर दोन चिमण्या होत्या आणि चांगलाच गोंधळ घालत होत्या. शेवंतीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने हातातल्या बांगड्या वर सरकवून घट्ट बसवल्या. त्या आवाज करू लागल्या होत्या, आणि तिला एकाएकी ते बरं वाटेना.

"तेका औषध?" तिने विचारलं.

"नाही."

"मिक्श्चर पण नाय?"

"नाही. घशात लावलं त्याने हे झालेलं नाही. मागांच्या आवाजाने सोळा वर्षांत थोडंथोडं गेलंय. जे गेलं ते परत येत नाही." डॉक्टरांनी कुशाबाच्या घशाकडे बोट केलं. "आणि घसा बसला तो याच्यामुळेच. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून हा गरजेपेक्षा चौपट ओरडतो."

केसपेपरवर 'कान : उत्तम' लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते खोडलं, खाली 'चूक माझी' असं लिहिलं आणि तारीख घातली. बुधाजीने एवढं एकच वाक्य मोठ्याने वाचलं नाही.

आवाजात खरखर राहिलीच, म्हणून डॉक्टरांनी कुशाबाला केईएमला पाठवलं. तिथल्या घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि चिठ्ठी दिली. वाईट काही नव्हतं. स्वरतंतूंवर मोहरीएवढ्या दोन गाठी होत्या, ओरडून झालेल्या. विश्रांती दिली तर जिरतील.

"तीन महिने घोषणा नाही," डॉ. धैर्यवान म्हणाले. "घरात मोजकं बोल. पण फेरीत ओरडलास, तर पुढे मीठ मागायलाही आवाज उरणार नाही."

"तीन म्हयन्यांनी इलेक्शन खंय असतला?"

"झालेलं असेल."

कुशाबाने चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मग एकेक शब्द जपून म्हणाला, "डाक्टर, गिरणीत मी बिल्ल्याचो नंबर. घरात मीठ मागलंय तरी कोण उठणा नाय. फेरीत मी अर्धा बोलतंय आनि दोन हजार माणूस उरलेला अर्धा बोलता. ह्या माका परत खंय गावतला?"

"ते काय बोलतात ते तुला ऐकू येतं?"

"गडगडाट कळता. शब्द नाय."

"मग त्यांचं पुरं झालं हे कसं कळतं?"

"तोंडां मिटतत मा."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. त्यांनी गुळण्या चालू ठेवायला सांगितलं.

समितीने कुशाबाच्या जागी रघुवीर वैद्य या शाळामास्तरांना नेमलं. उच्चार स्वच्छ, आवाज कमावलेला, घोषणा व्याकरणशुद्ध. ते पुढे तोंड करून, ताठ मानेने चालत आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं म्हणत. मागून "झालाच पाहिजे" तुटकतुटक येई. फोल्डिंगवाले म्हणत, कारकून म्हणत, पोरंबाळं म्हणत. मधला सगळा जथा साळखात्याचा. तो मास्तरांच्या टोपीची मागची बाजू बघत मुकाट चालत असे. जयवंतने मास्तरांना पत्र्याचा कर्णा आणून दिला. फरक पडला नाही. पंधरा दिवसांत फेरी निम्मी झाली. दवाखान्यात मात्र घसे परत आले होते आणि बुधाजीने लाल औषधाची नवी बरणी घातली होती.

मतदानाच्या आधीच्या रविवारी डॉक्टर लवकर आले होते. बुधाजी काच पुसत होता. एकदम लांबून असा काही गजर आला की कपाटातल्या बाटल्या थरथरल्या.

"झालाच पाहिजे!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. असा गजर महिन्याभरात झाला नव्हता. पुन्हा आला.

"हा ओरडतोय," डॉक्टर म्हणाले. "गाढव. सगळं मातीत घातलं."

"काय?" बुधाजी म्हणाला.

"गाढव!" डॉक्टर ओरडले. वीस वर्षांत पहिल्यांदाच. तपासायची नळी गळ्यात तशीच घेऊन ते रस्त्यावर धावले.

फेरी नाक्यावरून वळून येत होती, आणि तिच्यापुढे कुशाबा घाडी होता. तो उलटा चालत होता. तोंड लोकांकडे, पाठ रस्त्याकडे. त्याने उजवा हात वर नेला, मोठा आ केला आणि पूर्ण घोषणा दिली. साळखात्याच्या शेकडो माणसांनी त्याच्या ओठांकडे बघत उत्तर दिलं, आणि त्यांच्या मागचे त्यांना ऐकून ओरडले. वैद्य मास्तर बाजूने झेंडा घेऊन चालले होते आणि इतरांबरोबर मनापासून 'झालाच पाहिजे' म्हणत होते.

डॉक्टर तावातावाने कुशाबाजवळ पोचले. तो पुढची घोषणा देत होता. डॉक्टरांनी आपला कान थेट त्याच्या तोंडाशी नेला आणि त्याच्याबरोबर चार पावलं चालले.

काही ऐकू आलं नाही. कुजबुजसुद्धा नव्हती. ओठ चालले होते, जीभ चालली होती, आणि घशातून वारा तेवढा येत होता. डॉक्टरांनी खात्रीसाठी आणखी एक घोषणा ऐकली. पथ्य तंतोतंत पाळलं जात होतं.

उत्तराचा गजर झाला. तो एवढ्या जवळून ऐकायची डॉक्टरांना सवय नव्हती. त्यांनी कानांवर हात घेतले. कुशाबाने ते पाहिलं. हात खाली करून त्याने त्यांना काहीतरी विचारलं, आवाज न काढता. डॉक्टरांना कळलं नाही. त्यांना ओठ वाचता येत नव्हते. कुशाबाने त्यांच्यासाठी तेच पुन्हा, सुटंसुटं करून विचारलं.

शब्द कळतत?

डॉक्टर उत्तर द्यायला गेले आणि थांबले. मग कानांवरचे हात काढून, ओठ मोठे करून, त्यांनीही आवाजाशिवाय सांगितलं.

सगळे.

कुशाबाने मान डोलावली. फेरी पुढे निघाली. त्याच्या पाठीशी शेवंती चालत होती. मागून येणाऱ्या गाडीची घंटी त्याला ऐकू यायची नाही म्हणून तिने त्याचा सदरा मुठीत धरला होता. खड्डा आला की ती सदरा डावीकडे ओढी, घोडागाडी आली की उजवीकडे. कुशाबा एकदाही मागे न बघता, तिच्या हाताच्या ओढीप्रमाणे पावलं टाकत, समोरची तोंडं मिटायची वाट बघत होता.